सक्ती कोणावर? : एका उसन्या कायद्याची गोष्ट

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. त्या भाषणात त्यांनी आकड्यांची एक माळच सभागृहापुढे ठेवली. देशाच्या एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के लोक प्राथमिक शाळेत शिकत आहेत, असा एकच प्रश्न त्यांनी एकेका देशाला विचारला होता. अमेरिकेचे उत्तर होते २१ टक्के. ब्रिटन, कॅनडा, स्वित्झर्लंड वगैरे देशांत १७ ते २०, जर्मनीत १५ ते १७, फ्रान्समध्ये १४ च्या जरा वर. जपान ११. इटली आणि स्पेन ८ ते ९. रशिया ४ ते ५. फिलिपाइन्स ५. आपले बडोदे संस्थान ५. आणि ब्रिटिश हिंदुस्थान १.९.

पुढे जाण्यापूर्वी या आकड्यांपाशी जरा थांबू. वर्गात अशी टक्केवारी फळ्यावर लिहिली, तर एखादा चौकस मुलगा लगेच विचारील, "म्हणजे अमेरिकेत शंभरातली एकवीसच मुले शाळेत जात होती का?" तसे नाही. ही टक्केवारी मुलांची नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट साऱ्या लोकसंख्येची आहे. शाळेच्या वयाची मुले मुळात लोकसंख्येच्या पंधरा-वीस टक्क्यांच्या घरात असतात. त्यामुळे १५ किंवा १७ हा आकडा म्हणजे जवळजवळ सगळीच मुले शाळेत. फ्रान्सचा आकडा जर्मनीपेक्षा कमी दिसतो, पण तेवढ्यावरून फ्रान्स मागासलेला ठरत नाही. फ्रान्समध्ये तेव्हा जन्माचे प्रमाणच कमी होते, म्हणजे लोकसंख्येत मुले कमी. शिवाय शाळेची वर्षे कुठे चार, कुठे आठ. दोन देशांची तुलना करताना छेदात काय आहे हे आधी पाहावे लागते. आपल्याकडच्या सरकारी हिशोबात शाळेच्या वयाची मुले लोकसंख्येच्या १५ टक्के धरीत. त्या मापाने १.९ टक्के म्हणजे आठ मुलांतले एक मूल शाळेत. उरलेली सात रानात, शेतावर, चुलीपाशी.

परदेशांची अशी यादी वाचून दाखवणे तसे सोपे असते. तिला मिळणारे उत्तरही ठरलेले : "तो देश वेगळा, आपला वेगळा." शिक्षकांच्या खोलीत आजही या दोन वाक्यांची कुस्ती चालते. एक जण फिनलंडचे नाव घेतो, दुसरा आपल्या वर्गाचा पट दाखवतो, आणि चहा संपला की विषयही संपतो. गोखले या दोन्हींच्या पलीकडे गेले. ते स्वतः शिक्षक होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी कितीतरी वर्षे शिकवले, शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. कोणता देश पुढे आहे एवढे पाहून ते थांबले नाहीत. पुढे गेलेला देश आपल्या जागी होता तेव्हा त्याने काय केले, असे त्यांनी विचारले. या प्रश्नाचे मोल कळण्यासाठी त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांतली शाळांची देवाणघेवाण पाहायला हवी.

धूळपाटी विलायतेला जाते

ही देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असा आपला समज असतो. पण एक मोठी वस्तू इथून तिकडे गेली. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८७ साली मद्रासला आला. सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी तिथे एक आश्रमशाळा निघाली आणि १७८९ पासून बेल तिची व्यवस्था पाहू लागला. शिक्षक मिळत नव्हते आणि जे होते ते कंटाळलेले. एकदा त्याच्या पाहण्यात घराच्या ओट्यावर भरणारी एक देशी शाळा आली. मुले जमिनीवर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवत होती. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतली धुळाक्षरे ती हीच. कागद नको, शाई नको, चुकले तर हात फिरवला की पाटी कोरी. शिवाय पुढची मुले मागच्या मुलांना शिकवत होती.

बेलने हे आपल्या शाळेत करायचे ठरवले. शिक्षकांनी नाके मुरडली, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलाला धाकट्यांना अक्षरे शिकवायला बसवले. जमले. मग वर्गच्या वर्ग मुलांच्या हाती दिले. १७९७ साली लंडनमध्ये त्याने या प्रयोगाची हकिकत छापली. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर याच धर्तीवर काम करू लागला होता. १८११ मध्ये चर्चच्या पाठिंब्याने नॅशनल सोसायटी स्थापन झाली, आणि पुढे हजारो शाळांतून ही पद्धत पसरली. तिचे नावच पडले 'मद्रास पद्धत'.

पण काय गेले आणि काय मागे राहिले, ते पाहा. ओट्यावरच्या शाळेत वीस-तीस मुले असत आणि पंतोजींना प्रत्येकाचे घरदार ठाऊक असे. मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवणे ही तिथली रोजची, घरगुती गोष्ट होती. इंग्लंडमध्ये तिचे यंत्र झाले. एका मोठ्या दालनात शेकडो मुले, एकच मास्तर, मध्ये मॉनिटरांची उतरंड आणि खुणेसरशी सगळ्यांनी एकदम पाट्या वर करायच्या. गिरण्यांच्या काळातल्या इंग्लंडला स्वस्त शाळा हवी होती, म्हणून त्याने या पद्धतीतला स्वस्तपणा उचलला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हीच वस्तू 'बेल-लँकेस्टर पद्धत' असे साहेबी नाव घेऊन हिंदुस्थानातल्या शाळांत परत आली. ती इथलीच होती हे फार थोड्यांच्या लक्षात आले असेल.

यानंतरची एक आयात तर सरळसरळ घातक होती. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो या मंत्र्याने शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली आणली. इन्स्पेक्टरने येऊन एकेका मुलाची वाचन, लेखन आणि हिशोब यांत परीक्षा घ्यायची, आणि मूल ज्या विषयात नापास होईल त्या विषयापुरते अनुदान कापायचे. थोडक्यात, निकालावर पैसे. कवी म्हणून आपण ज्याला ओळखतो तो मॅथ्यू आर्नल्ड पोटासाठी शाळा-इन्स्पेक्टर होता. फ्रान्स, हॉलंड, जर्मनी इथल्या शाळा सरकारी कामासाठी जाऊन त्याने पाहिल्या होत्या. या नियमावलीला त्याने कसून विरोध केला. मुले वाचनाचे पुस्तक पाठ म्हणतात, पण दुसरे पुस्तक हाती दिले तर त्यांना वाचता येत नाही, हे इन्स्पेक्टरांना दिसत होते. तरी ही पद्धत तीस वर्षांहून अधिक चालली आणि १८९७ पर्यंत पुरती मोडीत निघाली. मधल्या काळात, १८८२ च्या हंटर कमिशनने मात्र हिंदुस्थानातल्या प्राथमिक शाळांसाठी तिचीच शिफारस केली होती. म्हणजे ज्या औषधाने इंग्लंडातला रोगी हैराण होता, तेच इथे पाजले गेले. इथून तिची पाठवणी व्हायला १९०४ चा सरकारी ठराव यावा लागला.

त्याच हंटर कमिशनपुढे पुण्याहून जोतीराव फुले यांनी निवेदन दिले होते. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी त्यात स्पष्ट शब्दांत केली. गोखल्यांच्या बिलाच्या एकोणतीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. कमिशनने ती मागणी उचलली नाही.

गुणाकार करून काढलेल्या शाळा

परदेशांकडून शिकण्याचा सर्वांत मोठा प्रयोग त्या काळात जपानने केला, आणि गोखल्यांच्या पिढीवर त्याची मोठी छाप होती. डिसेंबर १८७१ मध्ये इवाकुरा तोमोमी या ज्येष्ठ मंत्र्याच्या नेतृत्वाखाली जपानचे एक शिष्टमंडळ अमेरिका आणि युरोप पाहायला निघाले. पन्नासेक अधिकारी, शिवाय शिकायला ठेवण्यासाठी नेलेले विद्यार्थी. त्यांत पाच मुली होत्या, आणि सर्वांत धाकटी त्सुदा उमेको अवघ्या सहा वर्षांची. शिष्टमंडळ सप्टेंबर १८७३ मध्ये परतले.

पण घरी राहिलेल्या मंडळींना तेवढाही धीर नव्हता. १८७२ मध्येच शिक्षणाचा कायदा निघाला. त्याचा सांगाडा फ्रान्सचा होता. देशाचे आठ विद्यापीठ-विभाग, प्रत्येकात ३२ माध्यमिक शाळांचे विभाग, त्या प्रत्येकात २१० प्राथमिक शाळा. आठ गुणिले बत्तीस गुणिले दोनशे दहा : ५३,७६०. गावात एक घर अडाणी राहू नये आणि घरात एक माणूस अडाणी राहू नये, असे प्रस्तावनेत म्हटले होते. गुणाकार बिनचूक होता, पण शाळा गुणाकाराने निघत नाहीत. तीन वर्षांनी प्रत्यक्षात चोवीस हजारांच्या आसपास शाळा होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच देवळांत नाहीतर कुणाच्या घरात भरत. ५३,७६० हा आकडा जपानने पुढेही कधी गाठला नाही.

कायद्याने मुलांना शाळेत बोलावले आणि फी पालकांवर टाकली. महिन्याला ५० सेन हा दर शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. वर नवे कर आणि सक्तीची लष्करभरती. १८७३ मध्ये काही भागांत शेतकऱ्यांनी दंगे केले, तेव्हा त्यांनी नव्या शाळाही जाळल्या. आपल्याला हे विचित्र वाटेल. पण ज्या माणसाला शाळा म्हणजे आणखी एक कर आणि हाताखालचे पोर गेले एवढेच दिसते, त्याचा राग समजण्यासारखा आहे.

मग जपानने १८७९ मध्ये अमेरिकी वळणाचा कायदा केला. शाळांचा कारभार स्थानिक लोकांच्या हाती सोपवला आणि हजेरीचे नियम सैल केले. गावांनी त्याचा अर्थ खर्च टाळण्याची मुभा असा घेतला. वर्षभरातच, १८८० मध्ये, सरकारला दोर पुन्हा आवळावे लागले. फ्रान्स झाला, अमेरिका झाली, मग प्रशियाच्या कडक शिस्तीकडे नजर गेली. मुले शाळेत खऱ्या अर्थाने भरू लागली ती त्यानंतर, आणि त्याला कारणे दोन. एक म्हणजे जपानमध्ये जुन्या काळापासून गावोगाव 'तेराकोया' नावाच्या खासगी शाळा होत्या. कायदा फ्रान्सचा आला तरी शिकवायला आणि शिकायला बसणारी माणसे त्यातून आली. दुसरे कारण पैसा. १९०० मध्ये चार वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाची फी काढून टाकली, आणि दोनच वर्षांत पटावरचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. १९०७ मध्ये चाराची सहा वर्षे झाली. या पैशाला एक काळी कडाही आहे. चीनशी १८९४-९५ मध्ये झालेल्या युद्धात जपानने जी नुकसानभरपाई वसूल केली, तीतले एक कोटी येन शिक्षणाच्या निधीत टाकले होते. शाळांतल्या समारंभांत आदराने वाचले जाणारे १८९० चे सम्राटाचे शिक्षणविषयक फर्मान राजनिष्ठा आणि आज्ञापालन शिकवत होते. सगळ्यांना वाचता यावे ही सोय आणि सगळ्यांनी निमूट ऐकावे ही शिकवण, दोन्ही एकाच इमारतीत वाढली. ते फर्मान जपानच्या संसदेने १९४८ मध्ये रद्द केले. तेव्हा जपानचे कौतुक करताना हातचा राखूनच करावे, असे मला वाटते.

१९११ चे इंग्लंड नको, १८७० चे हवे

आता गोखल्यांच्या बिलाकडे वळू. मार्च १९१० मध्ये त्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची सुरुवात करावी असा ठराव आणला होता. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले आणि ठराव मागे घेतला गेला. वर्षभरात फारसे काही हलले नाही, म्हणून पुढच्या मार्चमध्ये त्यांनी बिलच आणले.

आज ते बिल वाचणाऱ्याला ते फारच बेताचे वाटेल. सक्ती देशभर नव्हती. एखादी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड इच्छुक असेल, सरकारची आधी परवानगी मिळेल आणि त्या भागातली ठरावीक टक्के मुले आधीच शाळेत जात असतील, तरच तिथे सक्ती करता येणार होती. हे प्रमाण सरकारने ठरवायचे होते. गोखल्यांनी ३३ टक्के सुचवले. वय सहा ते दहा. सुरुवातीला फक्त मुलगे, मुलींसाठी नंतर. ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून कमी त्याला फी माफ. खर्चाचा एकतृतीयांश वाटा स्थानिक संस्थेने उपकर बसवून उचलायचा, दोनतृतीयांश सरकारने द्यायचा.

इतके सावध बिल का? कारण ते १९११ च्या इंग्लंडवरून घेतलेलेच नव्हते. त्याचा नमुना होता इंग्लंडचा १८७० चा कायदा आणि आयर्लंडचा १८९२ चा. १८७० मध्ये इंग्लंडने सर्वांवर एकदम सक्ती केली नाही. ठिकठिकाणी निवडणुकीने शाळा-मंडळे नेमली आणि त्यांना वाटल्यास सक्तीचे पोटनियम करण्याची मुभा दिली. आधी शाळा बांधल्या. १८७६ मध्ये जिथे मंडळे नव्हती तिथे हजेरीच्या समित्या आल्या. १८८० मध्ये दहा वर्षांच्या वयापर्यंत सक्ती सगळीकडे लागू झाली. १८९१ मध्ये बहुतेक शाळांतली फी गेली. 'करता येईल' पासून 'केलेच पाहिजे' पर्यंत जायला इंग्लंडला दहा वर्षे लागली. गोखल्यांनी या जिन्याची पहिली पायरी मागितली होती. आजच्या इंग्लंडशी आमची तुलना करू नका म्हणणाऱ्यांना त्यांनी इंग्लंडचीच चाळीस वर्षांपूर्वीची पायरी दाखवली. पाश्चात्त्य देशांचे दाखले नकोत म्हणणाऱ्यांसाठी फिलिपाइन्स आणि बडोदे होतेच. फिलिपाइन्स अमेरिकेच्या ताब्यात येऊन जेमतेम बारा-तेरा वर्षे झाली होती. १९०१ मध्ये एका जहाजातून पाचशेहून अधिक अमेरिकी शिक्षक तिथे उतरले होते. आणि बडोदे तर शेजारीच होते.

सरकारतर्फे शिक्षणखात्याचे सभासद हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला. लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, पैसा नाही, आणि ऐच्छिक शिक्षणाचा विस्तार करायला अजून पुष्कळ वाव आहे, मग सक्ती कशाला? यातला पैशाचा मुद्दा गोखल्यांनी फार गंभीरपणे घेतला. मिठावरच्या कराविरुद्ध ते वर्षानुवर्षे झगडले होते. तरी दुसरा मार्गच नसेल तर मिठावर आठ आणे वाढवा, पण मुलांना अज्ञानात ठेवू नका, असे म्हणण्याची त्यांची तयारी झाली. एरवी मोजून बोलणाऱ्या माणसाचे हे वाक्य आहे, म्हणून ते लक्षात राहते. मदनमोहन मालवीय आणि मुंबईचे महंमद अली जिना यांनी बिलाला पाठिंबा दिला. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. बाजूने १३, विरुद्ध ३८. त्यांत सरकारी सभासदांचा भरणा मोठा होता. आपले बिल पडणार हे ठाऊक असूनही आपण खिन्न नाही, असे गोखले त्या चर्चेत म्हणाले. १८७० चा कायदा मंजूर होण्याआधी इंग्लंडमध्ये किती प्रयत्न फसले ते आपण वाचले आहे, असे कारण त्यांनी दिले. दुसऱ्या देशाचा इतिहास वाचण्याचा असाही उपयोग होतो. १९१५ मध्ये ते वारले.

आयर्लंडची वाट

बिल पडले पण कल्पना पडली नाही. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई प्रांताने नगरपालिकांना सक्तीचे अधिकार देणारा कायदा केला आणि पुढच्या बारा वर्षांत इतर प्रांतांनीही तसे कायदे केले. नमुना जवळजवळ तोच : करता येईल. पहिली पायरी अखेर मिळाली.

दुसरी मात्र आली नाही. नगरपालिकांना अधिकार होता, पैसा नव्हता. उपकर बसवणे म्हणजे पुढच्या निवडणुकीत मते गमावणे. जिथे सक्ती जाहीर झाली तिथेही गैरहजर मुलाच्या घरी कोण जाणार, हा प्रश्न उरला. १९२९ च्या हार्टोग समितीने जो हिशोब मांडला तो शिक्षकांना चांगला परिचित आहे, कारण 'गळती' आणि 'स्थगिती' हे शब्द तेव्हापासून आपल्या मानगुटीवर बसले आहेत. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोचली ती विसाहूनही कमी.

माझ्या मते इथे गोखल्यांच्या दुसऱ्या नमुन्याकडे नीट पाहायला हवे. आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्याने शहरांत सक्ती आणली, पण अंमलबजावणी स्थानिक समित्यांवर सोडली. अनेक ठिकाणी त्या समित्या नेमल्याच गेल्या नाहीत. लंडनचा कायदा म्हणून राष्ट्रवादी रुसलेले, पालकांच्या अधिकारात ढवळाढवळ म्हणून धर्मगुरू नाराज. तो कायदा चौतीस वर्षे तसाच लंगडत राहिला. स्वतंत्र झाल्यावर आयर्लंडने १९२६ मध्ये नवा कायदा केला, सहा ते चौदा वयाच्या मुलांना तो लागू केला आणि मोठ्या शहरांबाहेर अंमलबजावणीचे काम थेट पोलिसांवर सोपवले, तेव्हा कुठे हजेरी सुधारली. गोखल्यांनी इंग्लंडचा जिना पाहून पहिली पायरी मागितली. आपण चढलो ती आयर्लंडची पायरी, जिच्यावर पुढे जिनाच नव्हता. कागदावर दोन्ही पायऱ्या सारख्याच दिसतात. इंग्लंडमध्ये ती पायरी चढवणारे सरकार मतदारांना जबाबदार होते आणि दर काही वर्षांनी पुढचा कायदा करत होते. डब्लिनचे आणि कलकत्त्याचे सरकार तसे नव्हते. कायद्याची कलमे उसनी आणता येतात, पण ती पुढे ढकलणारा रेटा घरचाच लागतो.

ज्यांना कुणाची परवानगी मागायची नव्हती त्यांनी काय केले, तेही पाहू. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या अवघ्या दहा गावांत सक्ती सुरू केली. आधी शाळा, मग शिक्षक, मग हजेरी, असे जमवत ती तालुकाभर नेली, अनुभव घेतला आणि १९०६ मध्ये कायदा करून साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केली. तेरा वर्षांचा हा प्रयोग होता, आणि तो मुलग्यांइतकाच मुलींसाठीही होता, फक्त मुलींची वयोमर्यादा कमी होती. गावात शिकलेले मूल शाळा सुटल्यावर वाचायलाच विसरते हे दिसल्यावर महाराजांची नजर अमेरिकेतल्या ग्रंथालयांकडे गेली. तिथून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला त्यांनी १९१० मध्ये बडोद्याला आणले, आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. उसनवारी करताना आपल्याला नेमके काय कमी पडते आहे हे आधी हेरायचे, मग ते कोणाकडे आहे हे शोधायचे, असा त्यांचा क्रम होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एक रुपया तेव्हा थोडा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्यास सांगितले. १९६० आले आणि गेले. अनेक राज्यांच्या कायद्यांत 'करता येईल' हीच भाषा टिकून राहिली. मुले शाळेत आली ती पुष्कळशी शाळा जवळ आल्याने, दुपारच्या जेवणाने आणि आईबापांच्या हौसेने. सक्तीचा त्यात वाटा थोडा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाचे शिक्षण मूलभूत हक्क झाले, २००९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. मुंबईच्या १९१८ च्या कायद्यापासून मोजले तर इंग्लंडने दहा वर्षांत चढलेला जिना आपण ब्याण्णव वर्षांत चढलो.

मात्र या शेवटच्या कायद्यात एक गोष्ट आहे, जी १८७० च्या इंग्लंडकडून आलेली नाही, आयर्लंडकडूनही नाही. त्या सगळ्या कायद्यांत सक्ती पालकांवर होती : मूल पाठवा, नाहीतर दंड भरा. फुल्यांच्या मागणीचा आणि शाहू महाराजांच्या रुपयाचाही रोख तोच होता. २००९ च्या कायद्याने 'सक्तीचे शिक्षण' या शब्दांची व्याख्या वेगळी केली आहे. मुलाला प्रवेश देणे, त्याची हजेरी लागेल हे पाहणे आणि त्याचे प्राथमिक शिक्षण पुरे होईल याची खात्री करणे हे सरकारचे बंधन, असा तिथे अर्थ आहे. पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्याला शिक्षा ठेवलेली नाही. आपल्या शाळेच्या दप्तरात या कायद्याची प्रत बहुधा असेलच. आठवे कलम काढून त्याखालचे स्पष्टीकरण वाचून पाहा.